बॅटरीची खुर्ची विमानात नेता येईल का?

प्रश्न : मुलीला स्नायूंचा आजार आहे. तिची घडीची व्हीलचेअर लिथियम बॅटरीवर चालते. पुण्याहून दिल्लीला विमानाने नेता येईल का? डॉक्टरांचा दाखला लागेल?
– एक आई, सांगली

उत्तर : नेता येईल, पण आधी बॅटरीवरचा छापील मजकूर वाचा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. २४ व्होल्ट, १० अँपिअर-अवर असेल तर २४० झाले. निघणारी एक बॅटरी असेल तर मर्यादा ३०० वॉट-अवर, दोन असतील तर प्रत्येकी १६०. ती खुर्चीतून काढून, टोकांना चिकटपट्टी लावून सोबत केबिनमध्येच न्यायची; सामानात टाकायची नाही. आकडा पुसट झाला असेल तर विक्रेत्याकडून लेखी घ्या, कारण काउंटरवर तोंडी हिशेब कुणी ऐकत नाही.

विमान कंपनीला निदान ४८ तास आधी कळवा, तेही ईमेलने. विमानाच्या दारापर्यंत स्वतःच्याच खुर्चीतून जायचं आहे, हे त्यातच लिहा.

केवळ अपंगत्व आहे म्हणून दाखला मागता येत नाही. ऑक्सिजन किंवा स्ट्रेचर लागणार असेल तर गोष्ट वेगळी. प्रवासात तब्येत बिघडेल अशी शंका आली, तर डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासायला हवं, असा नियम २०२२ मध्ये झाला. कर्मचाऱ्याचा अंदाज पुरेसा नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना २०१२ मध्ये गोव्याला निघालेल्या विमानातून उतरवलं होतं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पाइसजेटला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. कुणी अडवलंच, तर कारण लेखी मागा.