चित्रकाराचे दोन गुरू

झाड, घर किंवा डोंगर यांचे चित्र काढताना थोडी चूक झाली, तरी ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. एखादी फांदी चार बोटे इकडची तिकडे गेली, म्हणून झाडाचे झाडपण जात नाही. माणसाच्या आकृतीचे मात्र तसे नाही. एक डोळा किंचित वर गेला किंवा हात जरासा लांब झाला, की चित्रकलेचा गंधही नसलेला मनुष्य चटकन म्हणतो, "येथे काहीतरी चुकले आहे." माणसाला माणूस जन्मापासून परिचित असतो, हेच त्याचे कारण होय. म्हणूनच मनुष्याकृतीचे रेखाटन हा चित्रकलेतील अत्यंत कठीण आणि तितकाच मोलाचा अभ्यास मानला जातो.

हा अभ्यास दोन मार्गांनी करता येतो. एक मार्ग म्हणजे जिवंत माणूस समोर बसवून किंवा उभा करून त्याची आकृती रेखाटणे. अशा माणसाला मॉडेल म्हणतात. दुसरा मार्ग म्हणजे छायाचित्र समोर ठेवून त्यावरून आकृती काढणे. या दोन गुरूंपैकी प्रथम कोणाकडे जावे, हा प्रश्न चित्रकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्यापुढे कधी ना कधी उभा राहतो.

छायाचित्राचा मोह पडणे स्वाभाविक आहे. ते हलत नाही, कंटाळत नाही, पाय अवघडला अशी तक्रार करीत नाही. शिवाय त्यात आकृती आधीच सपाट झालेली असते. खऱ्या माणसाला लांबी, रुंदी आणि खोली असते. कागदाला खोली नसते. ती खोली कागदावर कशी भासवावी, हाच तर रेखाटनातील मुख्य प्रश्न! छायाचित्रात तो प्रश्न यंत्राने अगोदरच सोडवून ठेवलेला असतो. विद्यार्थ्याने फक्त उत्तर उतरवून घ्यावयाचे. पुस्तकाच्या शेवटच्या पानावरून उत्तरे उतरवून घेणाऱ्या मुलाचे गणित जेवढे सुधारते, तेवढीच या मार्गाने नवशिक्याची चित्रकला सुधारते.

आणि यंत्राचे उत्तर तरी नेहमी बरोबर असते काय? माणूस दोन डोळ्यांनी पाहतो, तर कॅमेरा एकाच डोळ्याने. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आलेला हात छायाचित्रात डोक्याहूनही मोठा दिसू शकतो. दाट सावलीत आपल्या डोळ्यांना गालाची गोलाई आणि रंगाची छटा दिसत असते. छायाचित्रात तेथे पुष्कळदा नुसता काळा डाग उरतो. ज्याने जिवंत माणूस नीट पाहिलेला नाही, त्याला हे दोष कळत नाहीत आणि तो ते दोषही निष्ठेने आपल्या चित्रात उतरवितो.

जिवंत मॉडेल काय शिकविते, ते एका साध्या उदाहरणावरून पाहू. एखादा माणूस एका पायावर भार देऊन उभा राहिला, म्हणजे त्या बाजूचे कंबरेचे हाड वर येते आणि बहुधा त्याच बाजूचा खांदा खाली झुकतो. दोहोंच्या मध्ये पाठीचा कणा हलकेच वाकतो. गळ्याच्या मुळाशी जी लहानशी खळी असते, तेथून गवंड्याच्या ओळंब्यासारखा दोरा खाली सोडला, तर तो भार पेलणाऱ्या पायाच्या जवळ येतो. छायाचित्रातही हे सारे दिसते. पण ते का घडते, हे छायाचित्र सांगत नाही. मॉडेलच्या भोवती फिरून, त्याला बाजूने व मागून पाहून आणि स्वतः तसेच उभे राहून विद्यार्थ्याला ते उमगते. त्यातच मॉडेल श्वास घेते, थकते, त्याचा खांदा नकळत ढळतो. त्यामुळे रेषेवरून रेषा उतरविण्याची सोयच राहत नाही. आधी पाहावे, मग समजून घ्यावे, मनात साठवावे आणि नंतरच हात चालवावा लागतो. ही गैरसोय नव्हे. हेच खरे शिक्षण आहे.

अशा शिक्षणाची शक्ती किती असते, हे फ्रान्सचे प्रख्यात मूर्तिकार ओग्यूस्त रोदाँ यांच्या चरित्रातील एका प्रसंगावरून दिसून येते. मूर्तिकला ही चित्रकलेची सख्खी बहीण. आकृतीचा अभ्यास दोघींना सारखाच आवश्यक असतो. रोदाँ ब्रसेल्स येथे राहत असताना त्यांनी एका तरुण बेल्जियन सैनिकाला मॉडेल म्हणून उभे केले आणि सुमारे दीड वर्ष खपून एक पुरुषभर उंचीची मूर्ती घडविली. ते मॉडेल थोडे थोडे वळवीत आणि प्रत्येक बाजूने दिसणारी कड मातीत तपासून पाहत. पुढे 'कांस्ययुग' या नावाने प्रसिद्ध झालेली ही मूर्ती १८७७ साली प्रथम ब्रसेल्सला व नंतर पॅरिसला प्रदर्शनात मांडली गेली. ती इतकी सजीव वठली होती, की लोकांना तिचा संशय आला. जिवंत माणसाच्या अंगावर साचा घालून ही मूर्ती ओतलेली असावी, असा आळ रोदाँ यांच्यावर आला. कलावंताच्या दृष्टीने ही चोरीच होय.

आपले निर्दोषत्व सिद्ध करण्यासाठी रोदाँ यांनी त्या सैनिकाची छायाचित्रे काढविली व परीक्षकांपुढे ठेविली. मूर्ती आणि माणूस यांत कोठे कोठे भेद आहे, हे त्यांवरून कळावे, अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु छायाचित्रांनी तो आळ फिटला नाही. पुढे काही मूर्तिकारांनी रोदाँ यांना प्रत्यक्ष काम करताना पाहिले. समोर मॉडेल नसतानाही त्यांचा हात मातीतून भराभर सजीव आकृती घडवीत होता! जिवंत माणसे पाहून पाहून मनुष्यदेह त्यांच्या मनात ठसला होता. १८८० साली नामांकित मूर्तिकारांनी एकत्र येऊन त्यांच्या बाजूने लेखी ग्वाही दिली आणि त्याच वर्षी फ्रेंच सरकारने ती मूर्ती विकत घेतली. छायाचित्रांना जे जमले नाही, ते शिकलेल्या हाताने करून दाखविले.

आपल्याकडेही या अभ्यासाचे महत्त्व ओळखले गेले. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय १८५७ साली सुरू झाले. तेथे आरंभीच्या काळात युरोपातील प्राचीन शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन करण्यावर मोठा भर असे. १९१९ साली ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी तेथे मॉडेलवरून मनुष्याकृतीचा अभ्यास करण्याचा वर्ग सुरू केला. याच संस्थेत शिकलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास स्वतःच्या कन्येला मॉडेल म्हणून उभे करून एक जलरंगचित्र काढले. हाती दिवा घेतलेल्या त्या स्त्रीची ज्योतीपुढे धरलेली बोटे आतून उजळून लालसर झाली आहेत, आणि तोच मंद प्रकाश तिच्या चेहऱ्यावर पसरला आहे. 'ग्लो ऑफ होप' या नावाने ओळखले जाणारे हे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. ज्योतीचा झगझगाट आणि भोवतालचा अंधार या दोहोंना एकाच वेळी न्याय देणे कॅमेऱ्याला अवघड जाते. चित्रकाराच्या अभ्यस्त डोळ्याने येथे ते साधले आहे.

तर मग छायाचित्र टाकाऊ समजावे काय? मुळीच नाही. जे डोळ्याला टिपता येत नाही, ते दाखविण्यात छायाचित्राचा हात कोण धरणार? पूर्वीचे चित्रकार धावता घोडा काढताना त्याचे पुढचे पाय पुढे व मागचे पाय मागे ताणलेले दाखवीत. १८७८ साली मायब्रिज यांनी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात एका रांगेत कॅमेरे मांडून भरधाव घोड्याची छायाचित्रे घेतली. घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात खरे, पण त्या क्षणी ते पोटाखाली गोळा झालेले असतात, हे त्यांवरून सिद्ध झाले. घोड्याच्या धावण्याविषयीचा जुना भ्रम छायाचित्राने असा दूर केला. तथापि रोदाँ यांचे म्हणणे असे होते, की छायाचित्रातील चालणारा माणूस पुष्कळदा जागच्या जागी थिजल्यासारखा भासतो. कॅमेरा एकच क्षण पकडतो. चाल मात्र अनेक क्षणांची मिळून होते.

तेव्हा दोन्ही गुरू आदरणीयच. प्रश्न आहे तो क्रमाचा. ज्याने जिवंत माणसे पाहून डोळा तयार केला आहे, तो छायाचित्रातील उणीव ओळखतो, ती आपल्या ज्ञानाने भरून काढतो आणि त्यातील माहितीचा लाभ घेतो. ज्याचा डोळा अजून तयार नाही, तो छायाचित्राचा केवळ नकलनवीस होतो.

या अभ्यासाला मोठे कलाविद्यालयच हवे, असेही नाही. सुपात तांदूळ निवडीत बसलेली आजी, दोरीवर कपडे वाळत घालणारी आई, खाली मान घालून अभ्यास करणारा भाऊ हे सारे घरचेच मॉडेल आहेत. त्यांची परवानगी घ्यावी, पाच मिनिटे नुसते पाहावे आणि मग पेन्सिल उचलावी. पहिली आकृती वेडीवाकडी येईल. दहावीही कदाचित तशीच येईल. पण आजीची पाठ कोठे वाकते आणि सुपाचा भार कोणत्या मनगटावर येतो, हे एकदा कळले, म्हणजे ते पुन्हा विसरले जात नाही.

स्वाध्याय

१. छायाचित्रावरून चित्र काढणे नवशिक्याला सोपे का वाटते?
२. मॉडेलच्या हालचालींमुळे होणाऱ्या गैरसोयीला 'खरे शिक्षण' का म्हटले आहे?
३. रोदाँ यांच्यावर कोणता आळ आला व तो कसा दूर झाला?
४. घरातील एखाद्या व्यक्तीला पाच मिनिटे न्याहाळा. तिच्या बसण्याचे किंवा उभे राहण्याचे वर्णन आठ-दहा ओळींत लिहा व मग तिची आकृती रेखाटा.