दुष्काळ आणि आमची शिल्लक

बिदरच्या बादशहाचे नाव मराठी घरांत येते ते बहुधा दामाजीपंतांच्या कथेमुळे. मंगळवेढ्याची सरकारी कोठारे त्यांनी भुकेल्यांस खुली केली, आणि त्याचे दाम विठोबाने विठू महार होऊन बिदरच्या दरबारी भरले, ही कथा महिपतीने १७६२ च्या ‘भक्तविजया’त सांगितली आहे. कथेत कौतुक वाटण्याचे आहे. पण कोठारात धान्य साठविलेले होते म्हणूनच ते वाटता आले, इकडे कीर्तनकारांचे लक्ष क्वचितच जाते.

जनवाड्याच्या आसपास जुन्या पिढीची शिल्लक म्हणजे पेव, कानडीत हगेव. मुरमाड, कोरडी जागा पाहून तोंड अरुंद व पोट रुंद असा खड्डा खणावयाचा, आत कडब्याचे अस्तर द्यावयाचे, ज्वारी भरून तोंड मातीने लिंपावयाचे. पेव उघडल्यावर आत दूषित हवा असे; म्हणून आधी दिवा सोडून पाहात, तो विझला तर कोणी उतरत नसे.

रोकड असता धान्यच का? १८७६–७८ च्या दुष्काळात याचे उत्तर मिळाले. सर्वांनी एकाच वेळी चांदीचे दागिने विकावयास काढले, ढीगच्या ढीग मुंबईच्या टांकसाळीत वितळले. दागिन्याला भाव येईना आणि ज्वारीचा भाव मात्र चढत गेला. ज्याच्या पेवात दाणे होते तो तरला.

पण १९४८ साली, रझाकारांच्या दंगलीत व पुढे पोलीस कारवाईच्या धामधुमीत, घर सोडून निघालेल्यास पेव डोक्यावर घेता येत नव्हते. अंगावरचे सोनेच काय ते बरोबर येऊ शकत होते. निजामी हाली शिक्काही पुढे चलनातून गेला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात तर दगडमातीच्या जाड भिंतींखाली माणसांसह घरातले किडूकमिडूकही गाडले गेले. बँकेतले तेवढे भूकंपाच्या हाती लागले नाही.

म्हणजे प्रत्येक अरिष्टाने वेगळा धडा दिला, व आम्ही ते सर्व एकदम पाळतो. आजही एकाच घरात ज्वारीची कणगी, सुनेचे सोने व बचतगटाचे पासबुक सापडते. शिकलेली मंडळी यास अडाणीपणा म्हणतात; आम्हांस तसे वाटत नाही.

न्यासाच्या विश्वस्तांपुढे यातूनच एक प्रश्न ठेवतो : महोत्सवी निधी सगळाच दीर्घ मुदतीच्या ठेवीत गुंतवावा, की पाऊस चुकल्यास महिन्याभरात हाती येईल असा काही भाग वेगळा राखावा?