संगणकाच्या क्षेत्रात मान्यता मिळते कशी?



संगणकाचा कोर्स पूर्ण केलेला आपल्या जिल्ह्यातील तरुण पुण्याला मुलाखतीस जातो, तेव्हा त्याला बहुधा पहिला प्रश्न अनुभवाचा विचारतात. नोकरी नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, या फेऱ्यात पुष्कळजण अडकलेले आहेत. त्यातून बाहेर पडण्याची एक वाट तीस वर्षांहून अधिक काळ उघडी आहे. ती वाट म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरमध्ये केलेले, सर्वांना तपासता येणारे काम.

१९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला व त्याचा सोर्स कोड खुला केला. ज्याला चूक दिसेल त्याने दुरुस्ती पाठवावी, जाणकारांनी ती तपासावी आणि योग्य ठरल्यास स्वीकारावी, अशी रीत त्यातून रूढ झाली. स्वीकारलेल्या दुरुस्तीसोबत करणाऱ्याचे नाव व तारीख नोंदली जाते. नाव आले म्हणजे आडनावही आले. तेव्हा तेथे भेदभाव नाहीच असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु दुरुस्ती चालते की नाही हे यंत्र दाखवून देते, आणि नकाराचे कारण सहसा सर्वांसमोर लिहिले जाते. मुलाखतीच्या बंद खोलीत तेवढेही होत नाही.

मोठा प्रोग्राम लिहिता आला तरच हे जमते, असा समज आहे. तो खरा नाही. आपल्याजवळचेच उदाहरण घेऊ. अकोले तालुक्यात साम्रदजवळ सांदण दरी आहे. अशा अनेक 'दऱ्या' लिहिताना संगणकाने साधा रफार दिला तर त्याचा 'दर्या' होतो, म्हणजे सह्याद्रीत समुद्र येतो! यासाठी युनिकोडमध्ये 'र' आणि 'ऱ' ही दोन वेगळी अक्षरे आहेत. 'ऱ'ला पुढचे अक्षर कसे जोडावे याचा नियम मात्र फाँटमध्ये असावा लागतो. नसला तर शब्द तुटतो. 'लोहित' हे फाँट रेड हॅट कंपनीने २००४ साली मुक्त परवान्याखाली दिले. त्यांचे पुढील काम बरेचसे पुण्यात झाले आणि त्याच्या नोंदींत प्रवीण सातपुते हे नाव आजही वाचता येते.

असा दोष मराठी वाचणाऱ्याच्याच डोळ्याला खुपतो. येथे नगरच्या विद्यार्थ्याचे ज्ञान परदेशातल्या तज्ज्ञापेक्षा अधिक आहे, हे ध्यानात घ्यावे. मात्र नुसते 'मराठी नीट दिसत नाही' असे कळवून भागत नाही. कोणता फाँट, कोणत्या प्रोग्रामची कोणती आवृत्ती, कोणता शब्द, तो कसा दिसतो व कसा दिसावयास हवा, एवढे लिहिले तर दुसरा माणूस तो दोष आपल्या यंत्रावर पडताळू शकतो. चांगली तक्रार लिहिणे हे निम्मे काम आहे, असे माझे मत आहे.

पुढची पायरी पाहावयाची तर १९९३ मध्ये सुरू झालेला डेबियन प्रकल्प पाहावा. तेथे 'डेव्हलपर' होण्यासाठी उमेदवाराचे आधीचे काम पाहतात, जुन्या सभासदाने त्याची शिफारस करावी लागते, त्याचे ज्ञान तपासले जाते. मग त्याला प्रकल्पप्रमुखाच्या निवडणुकीत मताचा अधिकार मिळतो. २०१० साली सभासदांनी मतदान करून भाषांतर, लेखन अशी कामे करणाऱ्यांनाही पूर्ण सभासदत्वाचे दार उघडले. सप्टेंबर २०२३ मध्ये या प्रकल्पाचे वार्षिक संमेलन कोची येथे, म्हणजे भारतात प्रथमच भरले.

अडचणी लपवू नयेत. चर्चा बहुतेक इंग्रजीत चालते. काम बिनपगारी असते, आणि दिवसभर मजुरी किंवा दुकान सांभाळणाऱ्याला रात्रीचा एखादा तासच मिळतो. उलट मोठ्या प्रकल्पांतील अनेकांना त्यांच्या कंपन्या याच कामाचा पगार देतात. पहिली दुरुस्ती शेरे मारून परत येणे हे तर नित्याचेच. घरच्यांनाही हे काम दिसत नाही. त्यांना मुलगी नुसती मोबाइल किंवा संगणकासमोर बसलेली दिसते. तेव्हा आपल्या नावाची नोंद उघडून आई-वडिलांना एकदा वाचून दाखवावी.

अभ्यासासाठी राहाता तालुक्यातील 'कोऱ्हाळे' हे गावाचे नाव घ्यावे. ते मोबाइलवर, संगणकावर आणि छापील प्रतीत निरनिराळ्या फाँटमध्ये लिहून पाहावे, आणि कोठे तुटते ते आवृत्तीसह वहीत टिपून पुढील अभ्यासवर्गाला आणावे.