जे फिरतं आणि जे थांबवतं

दुकानात शिरण्याआधी घरीच एक गोष्ट ठरवून टाक: सायकल चालवणार कुठे? परवा फोनवर तू नुसतं "मामा, मला टेकडीवर जायचंय" म्हणालीस. पण वेताळ टेकडीवरची मुरमाची वाट वेगळी, तळजईचा मातीचा रस्ता वेगळा आणि सिंहगडचा डांबरी घाट तर अगदीच वेगळा. रोज कोथरूड ते हिंजवडी आणि महिन्यातून एखादा रविवार टेकडी असा बेत असेल, तर जाड खाचांचे टायर रोज डांबरावर ओढत नेण्यात अर्थ नाही. सरळ हायब्रिड घे आणि मोकळी हो. सुट्टी लागली की पाणंद, शेताचा बांध, दगडधोंडे, ओढ्यातली वाट हेच धुंडाळायचं असेल, तर मात्र पुढचं नीट ऐक.

तुझ्याजवळ ३०,००० रुपये आहेत. त्यातले २३-२४ हजार सायकलीचे, उरलेले तुझ्या अंगावरच्या नि पाठपिशवीतल्या सामानाचे, हे आजच मनात पक्कं कर. सगळे पैसे सायकलीत घातले की हेल्मेट "पुढच्या पगारात" जातं, आणि टेकडीवर पहिला आपटीचा प्रसंग बहुतेक पुढच्या पगाराच्या आधीच येतो. हेल्मेट घेताना आत बोट घालून स्टिकर शोध. ईएन १०७८ किंवा सीपीएससी असं लिहिलेलं हवं. डोक्यावर ठेवून, पट्टा न लावता मान हलवलीस तरी ते जागचं हलता कामा नये. शिवाय हातमोजे, छोटा पंप, दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, ॲलन कीचा जुडगा, पुढचा-मागचा दिवा आणि बऱ्यापैकी कुलूप. हे सामान नसलं तर टेकडीच्या पलीकडच्या उतारावर बाभळीचा काटा घुसला की सायकल खांद्यावर घेऊन यावं लागतं.

आता सायकलीकडे वळू. माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती फिरतं: जे नुसतं डोळ्यांत भरतं त्याला पैसे देऊ नकोस, जे फिरतं आणि जे थांबवतं, त्याला दे. चाकं, हब, गिअर, ब्रेक. बाकी सगळं नंतर.

दुकानात सगळ्यात आधी तुझ्या नजरेत भरणार ती पुढे-मागे दोन्हीकडे स्प्रिंग असलेली, चकचकीत, मोटारसायकलसारखी दिसणारी सायकल. १२-१५ हजारांत दोन सस्पेन्शन मिळतंय म्हटल्यावर कुणालाही मोह होईल. हात लावू नकोस. चांगलं मागचं सस्पेन्शन बनवायला इतका खर्च येतो की या किमतीत ते नीट बसतच नाही. मग मिळते ती १८ किलोच्या घरातली सायकल, आणि चढावर तू मारलेल्या प्रत्येक पायडलमधली थोडी ताकद ती स्प्रिंग गिळत राहते. वर्षभरात मागचे सांधे सैल होतात आणि कुरकुर सुरू होते. तुझ्यासाठी हार्डटेलच योग्य: पुढे सस्पेन्शनचा चिमटा, मागे साधी त्रिकोणी फ्रेम. ॲल्युमिनियमची, १४-१५ किलोची, पुढे ८० ते १०० मिलिमीटर दबणारा चिमटा एवढं पुष्कळ झालं. चिमट्यावर त्याचं दबणं बंद करणारी लॉकआऊटची कळ असेल तर चांगलंच, डांबरावर उपयोगी पडते.

तेवढासाही चिमटा नसला तरी जग बुडत नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. डोंगरी सायकलचा हा खेळ रुजला तो अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, माउंट टॅमलपायस परिसरात. १९७६ पासून तिथली पोरं जुन्या, जाड टायरच्या श्विन सायकली घेऊन रिपॅक नावाच्या उतारावर शर्यती लावायची. मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि उतरून झालं की हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्यांनी सगळ्यात आधी ब्रेक बदलले, मग चढता यावं म्हणून गिअर चढवले. १९८१ मध्ये स्टम्पजंपर नावाची सायकल बाजारात आली, तिच्यातही पुढे स्प्रिंग नव्हती. सस्पेन्शनचे चिमटे विकायला येईतो जवळजवळ दहा वर्षं गेली. आधी थांबणं, मग चढणं, आणि आरामाचा विचार त्यानंतर. तूही याच क्रमाने पैसे खर्च कर.

म्हणून ब्रेकविषयी सविस्तर सांगतो. तुझ्या बजेटमध्ये तीन प्रकार समोर येतील. रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे व्ही-ब्रेक, केबलने ओढले जाणारे मेकॅनिकल डिस्क आणि तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक डिस्क. व्ही-ब्रेक कोरड्यात उत्तम, कोपऱ्यावरचा सायकलवालाही दुरुस्त करतो. पण आपल्याकडे चार महिने पाऊस. रिमला लाल-काळा राडा लागला की पकड जाते आणि त्या राड्यातली वाळू रिमही घासून टाकते. डिस्क वर हबपाशी असते, चिखलापासून लांब. हायड्रॉलिक तुझ्या पैशांत बसत असतील तर तेच घे, त्यासाठी दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील. लांब उतारावर बोटं आखडत नाहीत, हा त्यांचा खरा फायदा. फक्त त्यात कोणतं तेल लागतं ते विचारून लिहून ठेव. शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं. दुसऱ्या काही ब्रेकना डॉट फ्लुइड. एकाच्या जागी दुसरं घातलं की आतली रबरं फुगून ब्रेक कामातून जातो.

लिव्हर हातात घेऊन बघ. तुझी बोटं लहान आहेत, आणि लिव्हर बहुतेकदा मोठ्या पंजाच्या हिशोबाने लांब ठेवलेला असतो. लिव्हरच्या आतल्या बाजूला बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलजवळ येतो. दुकानदाराला तो फिरवायला लाव. तर्जनीचं पहिलं पेर सहज लिव्हरच्या टोकावर टेकायला हवं. "लेडीज मॉडेल" म्हणून वेगळ्या रंगाची सायकल पुढे करतील. ती मापात बसत असेल तर घे, पण रंगासाठी हलके पार्ट स्वीकारू नकोस.

नवीन डिस्क पहिल्या दिवशी नीट धरत नाही, त्याने घाबरू नकोस. रिकाम्या सपाट रस्त्यावर वेग घ्यायचा, एकेक ब्रेक हळूहळू दाबत जवळजवळ थांबेपर्यंत आणायचं, चाक लॉक होऊ द्यायचं नाही. असं पुढे-मागे वीसेक वेळा केलं की पॅडचा थर डिस्कवर बसतो आणि पकड येते. चकतीला तेलकट बोट लावायचं नाही, चेनवर तेलाचा फवारा मारताना तो चकतीवर उडू द्यायचा नाही. पॅडने एकदा तेल प्यायलं की पॅड बदलण्यावाचून इलाज नसतो.

आता मागचं चाक. दुकानदाराला एवढंच विचार: "मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट?" हा प्रश्न ऐकला की तो तुझ्याशी जरा सरळ बोलू लागेल. फ्रीव्हीलमध्ये दात्यांचा गठ्ठा हबवर आट्यांनी बसवतात, त्यामुळे उजवीकडचे छर्रे पार आत राहतात आणि ॲक्सलचा मोठा तुकडा आधाराशिवाय बाहेर लोंबतो. गुळगुळीत रस्त्यावर ते चालून जातं. दगडावरून सारखी उडी बसली की ॲक्सल वाकतो, कधी तुटतोही. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग टोकापर्यंत आलेलं असतं. मागचा गठ्ठा सात चकत्यांचा असेल तर बहुधा फ्रीव्हील असतं, आठ किंवा नऊ चकत्यांचा असेल तर बहुधा कॅसेट; तरी विचारून घे. माझ्या मते या किमतीतल्या दोन सायकलींमध्ये निवड करायची झाली, तर हा एक फरक रंग, स्टिकर, चिमटा या सगळ्यांपेक्षा वजनदार आहे.

"एकवीस गिअर, चोवीस गिअर" या आकड्यांना भुलू नकोस. बघायचा तो सगळ्यात हलका गिअर. पुढच्या सगळ्यात छोट्या चकतीचे दाते मोज, त्यांना मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीच्या दात्यांनी भाग. पुढे २४ आणि मागे ३४ असतील तर उत्तर ०.७ येतं, चढाला छान. पुढे २८ आणि मागेही २८ असतील तर उत्तर १, म्हणजे वेताळ टेकडीच्या शेवटच्या चढावर तू उतरून ढकलत जाणार. शिमानोच्या पार्टचा क्रम खालून वर टुर्नी, अल्टस, असेरा, अलिव्हिओ, डिओरे असा लक्षात ठेव. तुझ्या बजेटला अल्टस मिळाला तरी समाधान मान. मात्र काही ठिकाणी मागचा डिरेलर तेवढा वरच्या दर्जाचा लावतात, कारण तो दिसतो, आणि हब, क्रँक, चेन हलकी घालतात. म्हणून सगळ्या पार्टची यादी वाच.

मापाची गोष्ट थोडक्यात. सायकलीवर उभी राहा, दोन्ही पाय जमिनीवर. वरच्या नळीत आणि तुझ्यात किमान दोन इंच अंतर हवं, कारण डोंगरात अचानक उतरावं लागतं. मग बसून टाच पायडलवर ठेव. पायडल खाली असताना गुडघा सरळ झाला की सीटची उंची बरोबर. हँडल धरताना कोपर थोडं वाकलेलं राहायला हवं. तुझ्या उंचीला साडेसत्तावीस इंचांचं चाक बरं पडेल. एकोणतीसचं दगडावरून सहज जातं, पण छोट्या फ्रेमवर ते अवजड होतं. "मोठी घे, सवय होईल" असं कुणी म्हणालं तर त्या दुकानातून बाहेर पड. शाळेत वाढत्या अंगाचे कपडे घेतो तसली ही खरेदी नाही.

आणखी एक. काही कंपन्या फ्रेमवर किंवा पुस्तिकेत वापराचा दर्जा लिहितात. दर्जा १ म्हणजे फक्त पक्का रस्ता, २ म्हणजे त्यात कच्चा रस्ता, ३ म्हणजे खडबडीत वाटा आणि छोटे उडते टप्पे. दिसायला डोंगरी असलेल्या कित्येक सायकलींवर २ लिहिलेलं असतं. तुला ३ हवा.

सेकंडहँड घ्यायला माझी ना नाही, उलट ३०,००० मध्ये चाळीस-पन्नास हजारांची सायकल हाती लागू शकते. पुण्यात लोक हौसेने घेतात आणि गॅलरीत टांगून ठेवतात. पण जाताना खिशात स्टीलची बारा इंची पट्टी ठेव. चेनच्या एका पिनेच्या मध्यावर शून्य धर आणि बारा इंचांवर बघ. चांगल्या चेनची पिन नेमकी बारावर येते. एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची. एक अष्टमांश गेली असेल तर बहुतेक कॅसेटही गेलेली असते, तेवढे पैसे किमतीतून कमी करून माग. मग चाक उचलून फिरव आणि ब्रेकच्या पॅडपाशी नजर ठेव: डावं-उजवं डुलत असेल तर आऊट आहे. थोडा आऊट निघतो, पण रिमला खड्डा असेल तर निघत नाही. चिमट्याच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरव. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे. शेवटी सायकल उलटी करून हँडलच्या नळीजवळचे वेल्डिंगचे जोड उजेडात बघ. तिथे रंगात केसासारखी रेघ दिसली, तर कितीही स्वस्त असो, परत फिर. फ्रेम नंबर बहुधा पायडलच्या पेटीखाली कोरलेला असतो. तो मूळ बिलाशी जुळत नसेल तर व्यवहारच नको.

नवीन घेतलीस तर बिलावर कर बघ. सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, आणि जुन्या किमतीची चिठ्ठी अजून कुठे कुठे लोंबत असते.

सायकल दुकानात खोक्यातून येते आणि तिथे जुळवली जाते. गडबडीत जुळवलेल्या सायकली मी पाहिल्या आहेत. पुढचा चिमटा उलटा बसवलेला असतो! तू सीटवर बसलीस की पुढच्या ब्रेकचा कॅलिपर डाव्या हाताला, चिमट्याच्या मागच्या अंगाला हवा. डाव्या पायडलच्या आट्या उलट्या असतात. जोर लावून तिरपं घुसवलं असेल तर क्रँकच बाद होतो, म्हणून दोन्ही पायडल सरळ बसलीत का ते बघ. महिन्याभराने पहिली सर्व्हिसिंग चुकवू नकोस. केबली ताणतात, तारा बसतात, डावा क्रँक सैल होतो. सैल क्रँक तसाच चालवला तर त्याचं चौकोनी भोक गोल होतं, मग तो कितीही आवळला तरी धरत नाही.

पावसाळ्यात टेकडीवरून आलीस की गाड्या धुवायच्या सेंटरवर नेऊन प्रेशरचं पाणी मारून घेऊ नकोस, ते सरळ बेअरिंगमध्ये शिरतं. बादली, जुना ब्रश आणि फडकं पुरे. चेन पुसून, वाळली की एकेका कडीवर एकेक थेंब तेल, आणि वरचं जास्तीचं पुसून टाक. चिखल फार असेल त्या दिवशी वाटेवर जाऊच नकोस. ओल्या वाटेत चाकाची चरी पडते, पुढच्या पावसात तिचा ओहोळ होतो. टेकडी सकाळी चालणाऱ्यांचीही आहे. उतारावर माणूस दिसला की आधीपासून घंटी वाजव आणि वेग कमी कर.

शनिवारी जाशील तेव्हा सकाळी दुकान उघडताच जा, गिऱ्हाईक कमी असतं आणि चालवून बघायला देतात. देत नसतील तर दुसरं दुकान बघ. टेकडीवर घालणार तेच बूट घालून जा. पैसे देण्याआधी मागच्या चाकाचा, पार्टच्या यादीचा आणि फ्रेमवरच्या स्टिकरचा फोटो मला पाठव, मी त्या वेळेला फोनजवळच बसलेला असेन.