उसन्या जोडणीची शिस्त

पित्याच्या खात्यांतून ५०० रुपये काढून ते वसतिगृहाच्या खात्यांत जमा करावयाचे आहेत, अशी कल्पना करूं. ह्या नोंदी दोन होत. परंतु दोन्ही व्हाव्या, अथवा एकहि होऊं नये. अशा अखंड व्यवहारास ट्रान्झॅक्शन म्हणतात. तो पक्का करणें म्हणजे कमिट, मागें घेणें म्हणजे रोलबॅक.

नोंदी ज्या डेटाबेसमध्यें राहतात, त्याच्याशीं प्रथम जोडणी करावी लागते. पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रत्येक जोडणीसाठीं स्वतंत्र प्रोसेस उभी करतो, व मुळांत त्याची मर्यादा १०० जोडण्यांची असते. म्हणून थोड्या जोडण्या तयार ठेवून त्याच आळीपाळीनें वापरतात. ह्या सांठ्यास कनेक्शन पूल हें नांव आहे.

खरी गोम येथेंच आहे. वाण्यानें पारड्यांत एखादें वजन तसेंच राहूं दिलें, तर पुढच्या गिऱ्हाइकाचें माप चुकतें; जोडणीचेंहि तसेंच. जावा भाषेंत नव्या जोडणीवर ऑटोकमिट चालू असतें, म्हणजे प्रत्येक आज्ञा आपोआप पक्की होते. एका कामानें तें बंद करून जोडणी तशीच परत केली, तर पुढील काम आपली नोंद पक्की झाली असें समजतें. ती झालेली नसते. फीची पावती पालकांच्या हातीं, आणि वहींत कांहींच नाहीं! ‘केवळ वाचनासाठीं’ हें सेटिंग मागें राहिलें, तर लिहिण्याची आज्ञाच नाकारली जाते व चूक निदान कळते. आमच्या मतें पहिला प्रकार अधिक वाईट, कारण तो मुकाट्यानें घडतो.

हिकारीसीपी हा जावामधील पूल, त्याच्या माहितींतून बदललेलीं सेटिंगें जोडणी परत येतांच पूर्ववत् करतो. परंतु तोच बदल एसक्यूएलच्या वाक्यानें केल्यास त्यास पत्ता लागत नाहीं. पीजीबाउन्सर ट्रान्झॅक्शन पद्धतीनें चालविल्यास प्रत्येक व्यवहार संपतांच जोडणी दुसऱ्यास देतो, आणि ‘डिस्कार्ड ऑल’ ही सफाईची आज्ञा त्या पद्धतींत मुळांत चालवीत नाहीं. तेथें ‘सेट’च्या ऐवजीं व्यवहाराच्या आंत ‘सेट लोकल’ लिहावें. त्याचा अंमल त्या व्यवहारापुरताच असतो.

ज्यांस प्रयोग करावयाचा असेल, त्यांनीं ह्याच पद्धतींत पीजीबाउन्सरला एकच जोडणी द्यावी. एका खिडकींत ‘सेट’नें केवळ वाचनाचें सेटिंग करावें आणि दुसरींतून एक ओळ लिहून पाहावी.