आधी हवा बघ, मग खिशात हात घाल

काल रात्री फोनवर तुझा आवाज ऐकला आणि कळलं, गाडी नवी आहे. जुन्या गाडीवाला घाटात थांबला की आधी चहाची टपरी शोधतो, मग मामाला फोन करतो.

नवी म्हणजे तुला नवी. पुण्यात कुणीतरी तिला ऐंशी हजार किलोमीटर आधीच पळवलीय. तेलगावहून धारूरचा घाट चढताना पुढं कारखान्यावरून रिकामी परतणारी उसाची डबल ट्रॉली, तू चौथ्यात पाय पार खालपर्यंत दाबलास आणि ऐन ओव्हरटेकला गाडीनं हात आखडला. मागून कुणी कासऱ्यानं ओढावं तशी. इंजिनाचा पिवळा दिवा लागला. त्यानंतर कितीही दाबलं तरी आरपीएमचा काटा अडीच हजाराच्या वर जाईना. बाजूला घेऊन बंद केली, पुन्हा चावी फिरवली, तर जसं काही झालंच नाही! आणि सकाळी ज्याला दाखवली तो बॉनेट न उघडताच म्हणाला, ‘टर्बो गेला, चाळीस-पंचेचाळीस हजार धरून चला.’

एक पैसा देऊ नकोस अजून. गेलेला टर्बो चावी फिरवल्यानं बरा होतो का, सांग बरं. टर्बो खरंच जातो तेव्हा मागून निळा धूर निघतो, ऑइल कमी होत जातं, नाहीतर सायरनसारखी किंचाळी ऐकू येते. तुझ्या गाडीत यातलं काही नाही. तुझ्या गाडीनं स्वतःला आवरलंय, एवढंच.

का आवरलं ते समजून घे. सायलेन्सरकडं वाया जाणाऱ्या गरम धुरावर एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकानं इंजिनात हवा कोंबायची, ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरची, १९०५ सालच्या पेटंटची. ते चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. आपण टायरमध्ये तीस-बत्तीस हवा भरतो ना, त्याच्या निम्म्या-पाऊण दाबानं ते इंजिनात हवा ढकलतं. इंजिनाजवळ एक सेन्सर हा दाब सारखा मोजतो आणि कॉम्प्युटरला कळवतो. ठरल्यापेक्षा दाब वर गेला की कॉम्प्युटर ताकद तोडतो, नाहीतर पिस्टनचं भजं होईल. दाब हवा तेवढा आलाच नाही तरी तोडतो, कारण हवा कमी नि डिझेल जास्त म्हणजे काळा धूर आणि फुकटची गरमी. दोन्ही वेळा तुला वरून एकच दिसतं: गाडी उचलत नाही. म्हणून जास्तीचा रोग की कमीचा, हे आधी ठरवायचं.

त्याला स्कॅनर लागतो. बीडमध्ये स्कॅनरवाले पुष्कळ झालेत आता. पण जाशील तेव्हा डोळे उघडे ठेव. बरेच जण लावतात, कोड पुसतात, पैसे घेतात आणि म्हणतात ‘झालं’. पुसण्याआधी कोड कागदावर लिहून घे. पी ०२३४ आला तर दाब जास्त, पी ०२९९ आला तर कमी. हे दोन आकडे सगळ्या कंपन्यांना सारखेच. कागद नसेल तर हातावर लिही, पण लिही.

आधी हवा बघायची, हे मला शिकवलं ते अंबाजोगाईच्या उस्तादांनी. त्यांच्या काळात स्कॅनर नव्हता, टर्बोवाले ट्रक नुकतेच आपल्याकडं यायला लागले होते. एकदा एक ट्रक चढाला दम सोडायचा. ड्रायव्हर पंप खोलून घेऊन आला होता, मालक नोझलचे पैसे देऊन बसला होता. उस्तादांनी काही खोललं नाही. टर्बोकडून हवा गार करणाऱ्या इंटरकूलरकडं जाणारा तो मनगटाएवढा रबरी पाइप, त्याच्या खालून अंगठा फिरवला. वरून पाइप काळाभोर, नव्यासारखा. खालच्या बाजूला, क्लिपच्या अगदी कडेला, अंगठा अडला. दाबला तर ओठ उघडावेत तशी बोटभर चीर उघडली आणि आतून तेलाचा ओला काळा डाग अंगठ्यावर आला. माझ्या नाकासमोर अंगठा धरून म्हणाले, ‘पाइप वरून फाटत नाही रे, माणसाला दिसेल म्हणून.’ उभा असला की ती चीर मिटलेली, चढावर हवा भरली की उघडायची.

तुझ्या गाडीतही तेच आधी बघ. इंजिन थंड असताना. टर्बोपासून इंटरकूलर आणि इंटरकूलरपासून इंजिन, एवढा रस्ता बोटानं चाचप. जिथं धूळ तेलकट होऊन चिकटलीय तिथं हवा गळतेय असं समज. आत थोडं तेल ओलसर असतंच, त्याला घाबरू नको. पाइप धरणाऱ्या जुबिली क्लिपा सगळ्या एकेक आटा आवळ, पण जोर लावू नको, नाहीतर पत्रा रबर कापतो. मग कुणाला तरी आत बसवून थोडी रेस करायला सांग आणि साबणाचं पाणी सांध्यांवर शिंपड. फेस फुगला की चोर सापडला. हात मात्र पंख्याच्या पट्ट्यापासून लांब. बाह्या दुमडून काम कर, गळ्यातला गमछा काढून ठेव. उभ्या गाडीत दाब थोडाच तयार होतो, त्यामुळं फेस आला नाही म्हणून पाइप निर्दोष सुटला असं नाही.

जाड पाइपाइतकीच बारीक नळी महत्त्वाची. पेन्सिलीएवढी काळी नळी टर्बोच्या डबीला जाते. तुझ्यासारख्या डिझेलला ती व्हॅक्यूमची असते, ती गळली की टर्बोच्या आतल्या पात्या हलत नाहीत आणि हवा कमी पडते. पेट्रोलवाल्यांचं बहुतेक वेळा उलटं: नळी निसटली की जादा धूर चाकाला वगळून सोडून देणारं झाकण उघडतच नाही, दाब चढत जातो आणि कॉम्प्युटर कात्री लावतो. आता विचार, नळीला कोण हात लावतो? उंदीर! तू गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये लावतोस, शेजारी सरकी आणि कडब्याची गंज. उसाचा फड तुटला की तिथले उंदीर कुठं जातात असं तुला वाटतं? गरम इंजिनावर. बॅटरीच्या कोपऱ्यात काडीकचरा, लेंड्या सापडल्या तर बाकी काही बघू नको, आधी नळ्या बघ. नवी नळी शंभर-दोनशेच्या आत येते.

एअर फिल्टरचं तर मी सांगायलाच नको. परळीच्या औष्णिक केंद्रातली राख वाहणाऱ्या टिपरच्या मागं तू आठवड्यातून दोनदा असतोस. ती राख पिठासारखी बारीक. कंपनीचं पुस्तक लिहिणाऱ्यानं परळीचा रस्ता पाहिलेला नसतो. त्यात जेवढं लिहिलंय त्याच्या निम्म्यात फिल्टर बदल. कॉम्प्रेसरनं हवा मारायची तर आतून बाहेर, लांबून. जवळून मारलीस तर कागदाला भोक पडतं, आणि मग ती राख थेट टर्बोच्या चाकावर जाते. मग मात्र तो चाळीस हजारवाला खरा ठरेल.

एवढं सगळं बघून काही सापडलं नाही तर पात्या काजळीनं जाम असतील किंवा सेन्सरवर तेलकट मळ बसला असेल. ते काम जाणत्याचं, तिथं आपण बोट घालायचं नाही. एक गोष्ट मात्र पुण्याच्या त्या आधीच्या मालकाला विचार: चिप टाकली होती का, रिमॅप केली होती का? टाकली असेल तर मूळचं प्रोग्रामिंग परत घालून घे. पोरं दाब वाढवून घेतात आणि गाडी विकून मोकळी होतात. आणि कुणी तुला सांगेल की सेन्सरला एक जुगाड लावतो, गाडी पुन्हा कधी थांबणार नाही. त्याला चहा पाज आणि वाटेला लाव. कुत्रं भुंकतंय म्हणून त्याचं तोंड बांधून झोपणाऱ्या घरातली गोष्ट आहे ती.

तुझी गाडी २०२० च्या एप्रिलनंतरची, म्हणजे बीएस-सहा. तिच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारी जाळी आहे. ती तुंबली तरी गाडी अशीच हात आखडते. केज ते घर, घर ते शेत अशी दोन-चार किलोमीटरची चक्कर मारून त्या जाळीतली काजळी जळत नाही. आठवड्यातून एकदा सोलापूर-धुळे महामार्गावर काढ, वीस मिनिटं साठ-सत्तरनं एकसारखी चालव. आणि मांजरसुंब्याचा घाट चढून हॉटेलसमोर आलास की लगेच चावी फिरवू नकोस. मिनिटभर चालू राहू दे. लाल तापलेल्या टर्बोतलं ऑइल एकदम थांबलं तर तिथंच जळून कोळसा होतं. तेवढ्या वेळात चहाची ऑर्डर देऊन ये.

रोग सापडेपर्यंत घाटात ओव्हरटेक बंद. ट्रॉलीच्या मागं राहा, तिसऱ्यात राहा, लोक हॉर्न वाजवतील, वाजवू देत. निम्म्यात ताकद गेली आणि समोरून एसटी आली तर चावी फिरवायला वेळ मिळत नाही.

रविवारी गाडी घेऊन ये. सकाळी, थंड असताना. येताना दोन जुबिली क्लिपा आणि हातभर व्हॅक्यूम नळी आण. साबण घरात आहे.