डन्सिनेनचा वैद्य आणि 'ध'चा 'मा'

शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' या शोकांतिकेत दोन वैद्य आहेत, ही गोष्ट आपल्या व्यवसायातील वाचकांच्याही सहसा लक्षात राहत नाही. चेटकिणी आठवतात, हवेत तरंगणारा खंजीर आठवतो, हातावरचा न निघणारा डाग आठवतो. वैद्य मात्र विसरले जातात. एक इंग्लंडच्या राजाच्या पदरी आहे आणि जेमतेम चार ओळी बोलून निघून जातो. दुसरा स्कॉटलंडमध्ये, डन्सिनेनच्या किल्ल्यात, राणीच्या शय्यागृहाबाहेर रात्री जागत उभा आहे. महाविद्यालयात असताना हे नाटक प्रथम वाचले तेव्हा मलाही त्यांचे काही विशेष वाटले नव्हते. तीस वर्षे बालरोगचिकित्सा केल्यानंतर पुन्हा वाचले, आणि या वेळी नजर नेमकी त्यांच्यावरच खिळली.

नाटक साधारण १६०६ साली लिहिले गेले आणि १६२३ मध्ये प्रथम छापले गेले. कथानक बहुतेकांना ठाऊक आहे. विजयी सेनापती मॅकबेथ याला वाटेत तीन चेटकिणी भेटतात व तू राजा होशील असे भाकीत करतात. पत्नी त्याच्या मनातील संकोच मोडून काढते. घरी पाहुणा म्हणून आलेल्या वृद्ध राजा डंकनचा झोपेत खून होतो. आणि मग तो एक खून लपविण्यासाठी दुसरा, दुसरा पचविण्यासाठी तिसरा, अशी मालिका सुरू होते. इतिहासातील डंकन वृद्ध नव्हता, झोपेतही मेला नाही; तो १०४० साली लढाईत पडला, आणि खऱ्या मॅकबेथने त्यानंतर सतरा वर्षे राज्य केले. म्हणजे पाहुण्याला झोपेत मारणे ही नाटककाराने जाणीवपूर्वक केलेली निवड आहे. त्याला लढाईतला मृत्यू नको होता, विश्वासघात हवा होता.

महत्त्वाकांक्षा हा या नाटकाचा विषय आहे असे पाठ्यपुस्तकांतून सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. मॅकबेथला राज्य हवे आहे, परंतु ते मिळवण्यासाठी जे करावे लागेल ते करणारा माणूस मात्र त्याला व्हायचे नाही. खुनापूर्वी तो स्वतःशी जे स्वगत बोलतो त्यात खून करण्याच्या बाजूने एकही सबळ कारण नाही. डंकन आप्त आहे, पाहुणा आहे, सज्जन राजा आहे, ही सारी कारणे विरुद्ध बाजूची. इतके स्पष्ट दिसत असूनही तो पाऊल टाकतो. निदान अचूक करून उपचार उलटा करणारे बुद्धिमान लोक आपण व्यवसायात आणि व्यवसायाबाहेरही पाहिलेले आहेत.

नाटकाच्या आरंभी एक छोटासा प्रसंग आहे, तो प्रत्येक चिकित्सकाने मुद्दाम वाचावा. कॉडरचा सरदार फितूर निघाला आणि त्याला देहदंड झाला. राजा डंकन खेदाने म्हणतो की, चेहऱ्यावरून मनाची घडण ओळखण्याची काही विद्या नाही. त्या माणसावर मी संपूर्ण विश्वास टाकला होता. हे वाक्य पुरते उच्चारले जाते न जाते तोच मॅकबेथ प्रवेश करतो, आणि राजा त्याला प्रेमाने जवळ घेतो. धडा तोंडपाठ आहे, पण त्याच क्षणी उपयोगात येत नाही. पुढे मॅकबेथच्या किल्ल्यासमोर उभा राहून हाच राजा तेथील हवेची स्तुती करतो. भिंतीवर पाकोळ्यांनी घरटी केली आहेत म्हणजे जागा सुखकर असणार, असे बँको त्याला सांगतो. बाह्य लक्षणे उत्तम, आणि आत मृत्यू.

निवासी डॉक्टर असताना एका रात्री मी तापाने आलेल्या दोन वर्षांच्या मुलाला तपासले होते. आईच्या कडेवर बसून ते माझ्या स्टेथोस्कोपशी खेळत होते, हसतही होते. मी औषध लिहून घरी पाठवले. पहाटे ते परत आले तेव्हा अंगावर जांभळे ठिपके होते आणि शुद्ध नव्हती. मेंदुज्वराच्या त्या प्रकारात काही तासांत काय होते ते वैद्यकीय वाचकांना सांगायला नको. वरिष्ठांनी नोंदी पाहिल्या व रात्री कोणालाही ते ओळखता आले नसते असा निर्वाळा दिला. तो खराही असेल. परंतु त्या मुलाच्या मानेला मी हात लावला होता की नाही हे मला तेव्हाही निश्चित आठवत नव्हते, आणि आजही आठवत नाही. त्या सकाळी वॉर्डातील नळाखाली मी फार वेळ हात धूत होतो एवढे मात्र स्पष्ट आठवते.

मराठी माणसाला हे नाटक परके वाटत नाही याचे कारण केवळ त्याची रूपांतरे झाली हे नाही. रूपांतरे झालीच: 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे यांनी ते 'मानाजीराव' या नावाने मराठीत आणले, १९५४ मध्ये वि. वा. शिरवाडकरांचा 'राजमुकुट' रंगभूमीवर आला आणि त्यात नानासाहेब फाटक व दुर्गाबाई खोटे यांनी प्रमुख भूमिका केल्या. पण त्याहून मोठे कारण असे की, आपल्याकडे हे नाटक प्रत्यक्ष घडून गेले होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. पुतण्या धावत येऊन चुलत्याच्या गळ्यात पडला आणि तेथेच तोडला गेला. आनंदीबाईंनी आज्ञापत्रातील 'धरावे' या शब्दातील 'ध'चा 'मा' केला ही आख्यायिका घराघरांत पोचली. तिला निर्विवाद पुरावा नाही. तथापि लोकमानसाने हा खून एका अक्षराच्या फेरफारात बसवला यात मोठे मर्म आहे. कागद तोच, हस्ताक्षरही तसेच वाटणारे, आणि अर्थ मात्र पूर्ण उलटलेला. चेटकिणींच्या भाकितांचे तंत्रही नेमके हेच आहे. त्या खोटे बोलत नाहीत. खऱ्याचे एक अक्षर फिरवून ठेवतात.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ मध्ये याच घटनेवर 'भाऊबंदकी' लिहिले. खाडिलकरांचा शेक्सपिअरचा अभ्यास दांडगा होता, आणि त्यांची आनंदीबाई वाचताना लेडी मॅकबेथची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पुढे दुर्गाबाई खोटे यांनी 'भाऊबंदकी'तही काम केले. मात्र दोन नाटकांत एक मोठा फरक आहे, व मला तो आपल्या परंपरेचा अभिमानाचा भाग वाटतो. स्कॉटलंडमध्ये मॅकबेथला तोंडावर अपराधी म्हणणारा न्यायाधीश नाही. तेथे अपराध भुताच्या रूपाने मेजवानीत येऊन बसतो. पुण्यात रामशास्त्री प्रभुणे होते. या पापाला देहांत प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असे त्यांनी सत्ताधीशाच्या समोर सांगितले आणि पद सोडून ते निघून गेले.

बडोदेकरांना या प्रकरणाची एक शाखा आपल्या अंगणातून गेली हे ठाऊक असावे. बारभाईंनी पाय उखडल्यावर राघोबादादा १७७५च्या आरंभी बडोद्यास आले. तेव्हा गोविंदराव गायकवाड आपले बंधू फत्तेसिंगराव यांच्याविरुद्ध शहराला वेढा घालून बसले होते. एका भाऊबंदकीने दुसरीचा आश्रय घेतला! त्याच वर्षी मार्चमध्ये सुरतेचा तह झाला, मे महिन्यात आणंदजवळ अडास येथे लढाई झाली, आणि इंग्रजांचे पाऊल मराठी राज्याच्या कारभारात पडले ते पडलेच. दादा १७८३ मध्ये कोपरगावी वारले. मॅकबेथला खंत होती की आपला मुकुट वांझ आहे, गादीवर बसायला मूल नाही. दादांना ती खंत नव्हती. १७७५ मध्येच धार येथे त्यांना मुलगा झाला, तो १७९६ मध्ये पेशवाही झाला, आणि १८१८ मध्ये पेशवाई त्याच्याच हातून गेली.

आता डन्सिनेनच्या वैद्याकडे येतो. राणीची दासी त्याला बोलावून आणते. दोन रात्री तो जागतो, काही दिसत नाही. तिसऱ्या रात्री राणी हातात दिवा घेऊन झोपेत चालत येते. डोळे उघडे आहेत पण दृष्टी जागी नाही, हे निरीक्षण नाटकातच नोंदलेले आहे आणि ते अचूक आहे. ती हात चोळत राहते. कधी कधी पाव तासपर्यंत हे चालते असे दासी सांगते. खुनाच्या रात्री थोडक्या पाण्याने सारे धुऊन निघेल असे नवऱ्याला बजावणारी हीच स्त्री. वैद्य ती जे बोलते ते लिहून घेतो. दासीला विचारतो की याआधी ती काय बोलली; दासी साक्षीदाराविना काही सांगण्यास नकार देते. गोपनीयता, नोंद, साक्ष! चारशे वर्षांपूर्वीच्या या प्रवेशात आपल्या व्यवसायाचे निम्मे नीतिशास्त्र आले आहे.

झोपेत चालणारी मुले आपल्याकडे नेहमी येतात. रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात, गाढ झोपेच्या अवस्थेतून हा प्रकार उद्भवतो. घराण्यात कोणाला तरी तो असतो. ताप, अपुरी झोप ही निमित्ते होतात. सकाळी मुलाला काही आठवत नाही आणि बहुधा वय वाढले की तो आपोआप थांबतो. आईवडिलांना धीर द्यावा, दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात, एवढेच पुरते. राणीचे दुखणे या साच्यात नीट बसत नाही. प्रौढ वयात नव्याने सुरू झालेले, एकाच घटनेभोवती फिरणारे, स्पष्ट बोलण्यासह येणारे हे चालणे पाहून आजचा चिकित्सक मानसिक आघाताचा विचार आधी करील. त्या वैद्यानेही ते ओळखले. हे माझ्या विद्येपलीकडचे आहे, हिला वैद्यापेक्षा धर्मगुरूची गरज अधिक आहे, अशी कबुली तो देतो. पण कबुली देऊन तो थांबत नाही, आणि येथे माझा त्याच्याविषयीचा आदर वाढतो. तिच्याजवळून इजा होऊ शकेल अशी प्रत्येक वस्तू दूर करा, आणि तिच्यावरची नजर ढळू देऊ नका, असे तो दासीला सांगतो. आत्महत्येचा धोका ओळखून दिलेली ही सूचना आजही शब्द न बदलता केसपेपरवर लिहिता येईल. ती पुरेशी ठरली नाही, राणी गेली.

हात धुण्याने मनावरचा भार हलका होतो का, याचा २००६ मध्ये झोंग व लिल्येनक्विस्ट या दोघांनी प्रयोग करून पाहिला. दुष्कृत्य आठवायला लावलेल्या लोकांना स्वच्छतेची ओढ अधिक लागते असा त्यांचा निष्कर्ष होता आणि त्याला 'मॅकबेथ परिणाम' असे नावही पडले. पुढे इतरांनी अधिक लोकांवर प्रयोग केला तेव्हा तो परिणाम तसा हाती लागला नाही. नाटक मात्र आपल्या जागी आहे.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला आणखी एक गोष्ट जाणवली. या नाटकात राज्यासाठी लढणारे सारे प्रौढ आहेत, पण जागोजागी मुले आहेत. स्त्रीच्या पोटी जन्मलेला कोणीही तुला मारू शकणार नाही, हे भाकीत सांगायला रक्ताळलेले बालक येते. मॅकडफ आईच्या पोटातून अकाली कापून काढलेला होता, म्हणून ते भाकीत फिरते. त्या काळी अशी शस्त्रक्रिया आई मेलेली वा मरणाच्या दारात असतानाच करीत, म्हणजे तोही जन्मतः पोरका. आणि मॅकडफचा मुलगा, आईशी चुरचुर बोलणारा, हजरजबाबी, रंगमंचावर आपल्या डोळ्यांसमोर मारला जातो.

ही बातमी मॅकडफला कळते तो प्रवेश इंग्लंडमधला आहे. आरंभी उल्लेखिलेला पहिला वैद्य याच प्रवेशात येतो. गंडमाळांनी पिडलेले लोक राजाच्या स्पर्शाने बरे होण्यासाठी जमले आहेत असे सांगून तो जातो. त्यानंतर रॉस येतो. पत्नी कशी आहे, मुले कशी आहेत, असे मॅकडफ विचारतो. रॉस म्हणतो, बरी आहेत. मी निघालो तेव्हा शांत होती. खोटे बोललेला नाही तो. शब्द फिरवून ठेवला आहे, पण या वेळी दयेपोटी. मग थोड्या वेळाने त्याला खरे सांगावेच लागते.

१८ जानेवारी २०२४ रोजी आमच्या हरणीच्या तलावात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची नाव उलटली. बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. तलाव सुशोभित होता, काठ रंगवलेला होता, मुले नावेत बसताना हसत असणार. नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि साऱ्यांना जीवरक्षक जाकिटे दिलेली नव्हती. कोणी हात कसे धुतले, कोणाच्या हातावर काय उरले, याचा निवाडा न्यायालयाने करावा. भीडभंजन मारुतीच्या दर्शनाला जाणारी आमच्या भागातली कुटुंबे त्यानंतर कित्येक दिवस मुलाचा हात सोडत नव्हती. दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर मूल ठेवतानाही आई त्याचे मनगट धरून असे.

त्या संध्याकाळी रुग्णालयांच्या दारांत कोणीतरी रॉसचे काम केले असेल. ते आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी केले आहे. बातमी ऐकल्यावर मॅकडफ काय करतो ते शेक्सपिअरने जसे लिहिले आहे तसे मी प्रत्यक्षात अनेकदा पाहिले आहे. तो आधी टोपी डोळ्यांवर ओढतो आणि गप्प राहतो. मग विचारतो, मुलेही का? उत्तर मिळते. मग विचारतो, पत्नीसुद्धा? ते सांगून झालेले असते; रॉस पुन्हा सांगतो. मग तो विचारतो, सगळीच? माल्कम त्याला पुरुषासारखे सोसायला सांगतो, आणि तो म्हणतो की सोसीन, पण माणसासारखे दुःख तर व्हायलाच हवे. तेव्हाही तो एकच प्रश्न घोळवत असतो. वैद्य तेथे नाही; तो आधीच निघून गेला आहे. रॉस उभा आहे, आणि जितक्या वेळा विचारले जाते तितक्या वेळा तेच उत्तर देतो आहे.